पाचव्या घरची चिंधी

डॉक्टर अविनाश कापगते भंडाऱ्याहून आपल्या गावी निघाले की साकोलीपर्यंत मजेत असत. साकोली सोडून जीप आमटोल्याच्या कच्च्या रस्त्याला लागली की त्यांचं बोलणं कमी होई, आणि बोडीचा, म्हणजे गावतळ्याचा, बांध दिसला की ते ड्रायव्हरला काहीतरी काम काढून मागेच थांबवत. कारण एवढंच, की घरी पोचल्यावर म्हातारी आई ओसरीवरून हाक मारी आणि ती हाक ड्रायव्हरनं ऐकू नये असं त्यांना वाटे. जिल्ह्यात पटकीची साथ आली तेव्हा हा गृहस्थ तीन आठवडे गावोगाव हिंडला होता, कशाला म्हणून भ्याला नाही. आईच्या एका हाकेला मात्र भ्यायचा.

एक्क्याऐंशीच्या माघातल्या त्या रविवारी ड्रायव्हरला मागे ठेवता आलं नाही. जीपमध्ये लशीची पेटी होती आणि पेटीतला बर्फ साकोलीच्या सोडावॉटरवाल्याकडचा, म्हणजे संध्याकाळपर्यंत टिकला तर टिकला. पेटी दोघांनी धरून उतरवावी लागली. ती जेमतेम जमिनीला टेकते न टेकते, तोच ओसरीवरून मनकर्णाबाईंचा आवाज आला.

"चिंधू आला का रे?"

ड्रायव्हरनं मागे वळून पाहिलं. साहेब आणि बाईसाहेबांशिवाय तर कोणीच आलं नव्हतं. निर्मलाबाईंनी हसू लपवायला पदर तोंडाला लावला. त्या नागपूरच्या, लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती, पण हा प्रसंग त्यांना अजून पुरून उरत होता.

नावाची गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती. मनकर्णाबाईंची पहिली दोन लेकरं गेली, एक तापानं आणि एक देवीनं. तिसरं झालं सन तीसमध्ये. तेव्हा झाडीपट्टीतली रीत होती ती केली. पाच घरच्या चिंध्या मागून आणल्या, लेकराला त्यात गुंडाळून सुपात घातलं आणि उंबऱ्यावर सुईणीला मूठभर कोंड्यावर विकून टाकलं. चिंध्यात पडलेल्या, विकून टाकलेल्या लेकराकडे मरण कशाला ढुंकून बघेल? सुईणीनं 'लेकरू माझं, पोसा तुम्ही' म्हणून ते परत दिलं आणि नाव ठेवलं चिंधू. पुढे हा चिंधू भलताच हुशार निघाला. नागपूरच्या मेडिकल कॉलेजात गेला. तिथं पहिल्याच हजेरीला 'चिंधू सेवकराम' म्हणताच वर्ग जो हसला, ते हसू त्याच्या कानात कायमचं बसलं. डिग्री हातात पडायच्या आत त्यानं गॅझेटात नाव बदलून घेतलं. अविनाश हे नाव त्यानं स्वतः निवडलं. त्या नावाचा अर्थ काय आणि मायनं चिंधू नाव ठेवताना याहून वेगळं काय मागितलं होतं, हे निर्मलाबाईंनी एकदा बोलून दाखवलं, तर त्यानं दोन दिवस जेवणावर राग काढला.

गावानं आपली सोय बघितली होती. तोंडावर डॉक्टरसाहेब, पाठीमागे चिंधूभाऊ. मनकर्णाबाईंना असं दोन तोंडांनी बोलता येत नसे.

आज सगळे जमले होते ते बारशाला. डॉक्टरांचा धाकटा भाऊ यादोराव गावीच राहून धान पिकवायचा. त्याच्या धनीरामला मुलगा झाला होता. मूल तीन महिन्यांचं झालं तरी बिननावाचं होतं, आणि ती हयगय नव्हती, भीती होती. धनीरामच्या बायकोची, ललिताची, आधीची दोन्ही गेली होती. पहिली मुलगी आठव्या दिवशी गेली. जबडा बसला, दूध ओढेना. दुसरा मुलगा अकरा महिन्यांचा होऊन गोवरानं गेला. या दुसऱ्याचं नाव डॉक्टरांनीच मोठ्या हौसेनं सुहास ठेवलं होतं आणि त्याला लसही स्वतःच्या हातानं टोचली होती. हे घरात कोणी बोलत नसे. बोलत नसे म्हणजे विसरलं होतं असं नाही.

ओसरीवर पाऊल ठेवताच डॉक्टरांना सूप दिसलं. सुपात चार रंगाच्या चार चिंध्या होत्या आणि शेजारी ओंजळभर कोंडा. खांबाला टेकून सुईण सीताबाई बसली होती. डॉक्टरांना ज्या सुईणीनं विकत घेतलं होतं तिचीच ही सून. आता ती सरकारी शिक्षण घेतलेली, नाळ कापायचं पातं उकळून घेणारी, डॉक्टरांनीच दिलेली पत्र्याची पेटी बाळगणारी. ती पेटीही तिनं सोबत आणली होती, सुपाला अगदी लागून ठेवली होती.

डॉक्टरांनी भावाला विचारलं की हे काय चाललं आहे. यादोराव धोतराचा सोगा सावरत म्हणाला की काही नाही, रीतच आहे, पोराला सीताबाईला विकायचं आणि चिंधू नाव ठेवायचं. असं म्हणताना तो दादाच्या तोंडाकडे बघत नव्हता, कोंड्याकडे बघत होता.

मग डॉक्टर जे सुटले ते सुटले. विसावं शतक संपत आलं, माणूस चंद्रावर जाऊन आला, आणि जिल्ह्याच्या आरोग्य अधिकाऱ्याच्या सख्ख्या घरात लेकरू कोंड्यावर विकायला काढता? मी बाहेर तोंड कसं दाखवू? त्यांनी बरंच ऐकवलं. यादोराव सगळं ऐकत राहिला. तो दादाला कधी उलटून बोलत नसे. दादा शिकायला गेला म्हणून नांगर त्याच्या वाट्याला आला होता, तेव्हाही बोलला नव्हता. दादाचा दम संपल्यावर तो एवढंच म्हणाला, "आता तुहंच पाह्य ना, दादा. चिंधू नाव ठेवलं, तं तू जगला. तुह्या मांगं मीई जगलो. याच्याहून मोठा दाखला आमी कोठून आणाचा?"

गेली वीस वर्षं डॉक्टर ज्या समजुतीशी भांडत होते तिचा गावातला सर्वांत भक्कम पुरावा ते स्वतःच होते. धडधाकट, एकावन्न वर्षांचे, टेरिलिनच्या शर्टात.

निर्मलाबाईंनी नवऱ्याला बाजूला घेतलं. त्यांचं म्हणणं साधं होतं. नाव काहीही ठेवू द्या, तुम्ही सुई टोचून मोकळे व्हा, पेटीत बर्फ वितळतोय. एरवी या बाई नेहमी नवऱ्याच्या बाजूनं असायच्या; सासरच्या माणसांनी त्यांना त्याबद्दल नावंही ठेवली होती. आज त्यांनी पक्ष बदललेला बघून डॉक्टर आणखीच बिथरले. ते ओसरीवर परत आले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "हे नाव ठेवणार असाल तर मी टोचणार नाही. पेटी परत घेऊन जातो."

बोलून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण भलतंच बोललो. घरात कोणी सुईला नाही म्हटलं नव्हतं. नाव आणि सुई यांची गाठ घातली ती त्यांनी, शास्त्राच्या नावाखाली आणि कॉलेजातल्या एका हसण्यापायी. पण शब्द मागे घ्यायची सवय साहेबाला कुठून असणार?

आणि त्यांनी घातलेली गाठ ललितानं लगेच पक्की केली. ती दाराआड मुलाला मांडीवर घेऊन बसली होती. मोठ्या सासऱ्यांशी ती आजवर 'जेवायला वाढू का' यापलीकडे बोलली नव्हती. आज तिनं दाराआडूनच विचारलं, "मोठेबाबा, सुहासले तुमी चांगलं नाव देल्लं. सुईबी देल्ली. तो नाई राह्यला. तुमाले नाव चिंधीचं, सुई नाई, तं तुमी राह्यले. मंग मी कोणाचं आयकू?"

डॉक्टर घसा खाकरून म्हणाले की सुहासला गोवर झाला होता. आपण टोचली ती लस दुसऱ्या रोगांची होती, गोवराची लस अजून आपल्याकडे आलेलीच नाही.

"मंग या खेपेले कोणता रोग येईन, जो तुमच्या पेटीत नाई?" ललितानं विचारलं. तिच्या बोलण्यात राग नव्हता. तिला खरंच उत्तर हवं होतं.

धनीराम अंगणात उगाच बैलाच्या दाव्याची गाठ सोडून परत बांधत होता. पेटीच्या कोपऱ्यातून पाण्याची बारीक धार ओसरीच्या शेणसड्यावर उतरत होती आणि ती सगळ्यांना दिसत होती.

अशा वेळी मदतीला धावून आल्या त्या बेबीबाई. गावच्या उपकेंद्रावर दोन महिन्यांपूर्वी आलेल्या नर्सबाई, मूळच्या लाखांदूरच्या. साहेब येणार म्हणून इस्त्रीची साडी नेसून, कार्डं नि वही घेऊन त्या सकाळपासून उपकेंद्रावर वाट बघत होत्या, त्या आत्ताच इथं पोचल्या होत्या. सूप, चिंध्या आणि साहेबांची अडचण बघून त्यांना वाटलं, आपण काहीतरी केलं पाहिजे. त्या बायकांकडे वळून प्रेमानं म्हणाल्या की ट्रेनिंगमध्ये साहेबांनी आम्हाला एक उदाहरण सांगितलं होतं, ते ऐका म्हणजे तुम्हाला पटेल.

डॉक्टरांनी थांबा म्हणून हातानं खूण केली, पण बेबीबाई तोपर्यंत सुरू झाल्या होत्या.

हे उदाहरण म्हणजे डॉक्टरांच्या भाषणाचा हुकमी भाग होता. भंडाऱ्याला नर्सबायांचं ट्रेनिंग असो की गावसेवकांचं शिबिर, सुरुवात यानंच व्हायची. एका खेड्यात एक बाई होती. तिची दोन लेकरं गेली. तिसऱ्याला तिनं चिंध्यात गुंडाळलं, कोंड्यावर विकलं, चिंधू नाव ठेवलं, आणि झालं, एवढ्यावर भागलं असं समजून बसली. ते लेकरू जगलं ते निव्वळ नशिबानं. बायांनो, लेकरं नशिबावर सोडू नका. इथं हमखास टाळ्या पडायच्या. तो चिंधू कोण, हे अर्थातच भाषणात नसायचं.

बेबीबाईंनी उदाहरण अगदी साहेबांच्या थाटात सांगितलं. त्या हसतमुखानं थांबल्या, पण टाळी कोणी वाजवली नाही. यादोराव जमिनीकडे बघत होता. सीताबाईनं सूप उगाच जरा जवळ ओढलं. बेबीबाईंना काही कळेना.

मनकर्णाबाई खाटेवर बसल्या होत्या. सत्तरी ओलांडलेली म्हातारी, दात गेलेले, पण कान शाबूत. त्यांनी विचारलं, "मंग त्या बाईनं दुसरं काहीच नाई केलं म्हने?"

"काहीच नाही, आजी," बेबीबाई म्हणाल्या. "साहेब सांगतात ना. लेकरू नशिबावर सोडलं."

म्हातारीनं मुलाकडे पाहिलं. डॉक्टर लशीच्या पेटीचं झाकण उगाच दाबून बसवत होते. हजार माणसांपुढं बोलणाऱ्या त्या माणसाला आज कुठं बघावं ते समजेना, आणि आपल्याला लाज वाटते आहे ती नेमकी कशाची हेही समजेना.

"चिंधू," मनकर्णाबाई म्हणाल्या, "डाव्या हाताची बाही वर कर."

एकावन्न वर्षांच्या अधिकाऱ्यानं बाही वर केली. दंडावर चार गोल वण होते.

ह्या देवी कोणी काढल्या, असं म्हातारीनं विचारलं. डॉक्टर म्हणाले की देवीच्या लशीचे वण आहेत, शाळेत सगळ्यांना टोचत असत. बेबीबाई वाकून बघत होत्या. चौऱ्याहत्तर साली देवी निर्मूलनात त्या नव्या होत्या आणि साहेबांच्याच हाताखाली घरोघरी दंड तपासत हिंडल्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "साहेब, शाळेतले नाहीत हे. तुम्हीच शिकवलं होतं आम्हाला, बाळपणीचा वण हाताबरोबर वाढून असा पसरतो म्हणून."

खरंच त्यांनीच शिकवलं होतं. त्या सालात डॉक्टरांनी हजारो लोकांचे दंड बघितले असतील. स्वतःचा तेवढा बघायचा राहून गेला होता. चिंधूच्या आईनं काही केलं नाही हे एकदा ठरल्यावर चिंधूचा दंड बघायचं कारणच काय होतं?

"तुही आजी म्हने, देवी काढल्या का माता कोपते," मनकर्णाबाई सांगू लागल्या. "देवी काढणारा आला का गावचे लोक लेकरं घेऊन जंगलात पळत. मले कोण जाऊ देईन? मंग मी म्हटलं, पाच घरच्या चिंध्या मागाले जातो. त्याले कोणी नाई म्हनत नाई. चार घरं गावात केले. पाचवं केलं बोडीच्या पल्ल्याड, जेथी तो देवी काढणारा उतरला होता. त्यानं चार जागी टोचलं. तू असा बोंबलला का त्याचा घोडा बिचकला. मंग त्यानं आपल्या जवळची पांढरी पट्टी बांधून देल्ली. तेच पाचव्या घरची चिंधी."

सीताबाईनं सुपातल्या चार चिंध्यांकडे पाहिलं.

"आठ दिवसानं फोड आले, ताप आला. तुही आजी लेकराले घ्याले आली का मी म्हनो, विकलेलं लेकरू हाये, सव्वा महिना चिंध्या सोडाच्या नाई. तिलेबी पटे. चिंध्या होत्या म्हनून तं लपलं सारं."

म्हणजे पन्नास वर्षं गाव ज्याला टोटका म्हणत होतं आणि डॉक्टर ज्याला अडाणीपणा म्हणत होते, ती एका वीस वर्षांच्या बाईनं सासूपासून लपवलेली मलमपट्टी होती. पाचातली एक चिंधी सरकारी होती.

डॉक्टरांच्या तोंडून नागपूर, कॉलेज, साहेबी सगळं गळून पडलं. "माय, तू काहून नाई सांगतलं मले?"

"कधी सांगू? आजी होती तोवर तिच्या भेवानं नाई सांगतलं. ते गेली, तं तू साहेब झाला होता." म्हातारीचा आवाज जरा चिरकला. "तू कधी पुसलं का, बाप्पा? साऱ्या जिल्ह्याच्या बायांले सांगत गेला का तिनं काहीच नाई केलं. मले नाई पुसलं."

डॉक्टरांचे डोळे भरून आले. त्यांनी ते पुसले नाहीत. निर्मलाबाई पुढं होऊन सासूजवळ खाटेवर टेकल्या. आज पक्ष बदलला तो बरा केला असं त्यांना वाटलं.

इकडे ललिता मूल घेऊन दाराबाहेर आली होती. सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न तिचा होता आणि तो अजून तसाच होता. तिनं आजेसासूला विचारलं, "मोठी माय, मंग मोठेबाबा कशानं जगले? चिंध्यानं का सुईनं?"

डॉक्टरांनी तोंड उघडलं. उत्तर त्यांना माहीत होतं, आकड्यांसकट माहीत होतं. पण त्यांनी ते परत मिटलं. निर्मलाबाईंच्या आठवणीत असं पहिल्यांदाच झालं.

"मले का ठाऊक, बाई," मनकर्णाबाई म्हणाल्या. "मी दोनी केले. एक सोडून पाहाची हिंमत नोती माह्यात."

ललिता येऊन मोठ्या सासऱ्यांसमोर बसली आणि मुलाची मांडी उघडी करून दिली.

बर्फाचा सुपारीएवढा खडा उरला होता. डॉक्टरांनी बाटली गार आहे ना ते हातात धरून बघितलं, सुई लावली, टोचलं. पोरगं असं किंचाळलं की अंगणातला बैल उठून उभा राहिला. यादोराव हसला. घरात सकाळपासून कोणी हसलं नव्हतं.

बेबीबाई कार्ड घेऊन बसल्या होत्या, पण नाव विचारायचा त्यांना धीर होईना. त्यांना आता सगळं समजलं होतं आणि साडीच्या निऱ्यांत तोंड लपवावं असं वाटत होतं. डॉक्टरांनी कार्ड त्यांच्याकडून घेतलं आणि स्वतःच लिहिलं: चिंधू धनीराम कापगते. पहिला शब्द त्यांनी सत्तावीस वर्षांत लिहिला नव्हता. हाताला तो पाठ होता.

सुपात चारच चिंध्या होत्या. पाचवी मागायला जायचं राहून गेलं होतं, कारण डॉक्टरांची जीप आली आणि भांडण सुरू झालं. सीताबाई ते बोलणार एवढ्यात डॉक्टरांनी आपल्या पेटीतून पांढऱ्या पट्टीचा तुकडा फाडला आणि आपल्या हातानं सुपात ठेवला. त्यांचं घर भंडाऱ्याला, म्हणजे पाचवं घर झालंच. मग उंबऱ्यावर सीताबाईनं विचारलं, काय विकता? ललितानं सांगितलं, चिंध्या विकतो. मूठभर कोंडा या हातातून त्या हातात गेला. जिल्ह्याचे आरोग्य अधिकारी शेजारी साक्षीला उभे होते.

निघताना उन्हं उतरली होती. डॉक्टर आईच्या पाया पडले आणि दुसऱ्या सुईला महिन्यानं मीच येतो म्हणाले. ड्रायव्हर जीपचं दार धरून उभा होता. डॉक्टरांना आज त्याची धास्ती वाटत नव्हती. हाक मारली तर ड्रायव्हरकडे बघून मोकळं हसायचं, असं त्यांनी मनाशी ठरवूनही ठेवलं होतं. ते थोडे रेंगाळलेसुद्धा.

"ये मंग," मनकर्णाबाई म्हणाल्या. "एका घरात दोन चिंधू नाई राहात. लहान्याले देल्लं ते नाव, आता ते त्याचं. सांभाळून जाय, अविनाश."

तिनं ते नाव नीट, एकही अक्षर न अडखळता घेतलं. इतकी वर्षं तिला ते येत होतं. हीच हाक मायच्या तोंडून ऐकायला मिळावी म्हणून डॉक्टरांनी अर्धं आयुष्य वाट बघितली होती. आता मिळाली तर जीपच्या पायरीवर एक पाय ठेवून ते तसेच उभे राहिले.

आतून ललितानं लाडानं हाक मारली, "चिंधू, ए चिंधू."

डॉक्टरांची मान वळली. पण हाक त्यांना नव्हती.